बॉनेटखालचा उन्हाळा

गाडीला हेडर बसवला तेव्हा मी घरी 'सायलेन्सर बदललाय' एवढंच सांगितलं होतं. आण्णांनी फोनवर विचारलं, "गळत हुता का?" मी हो म्हणालो. पुढे सगळं जे रामायण झालं ते बघता ती थाप वाया गेली नाही, कारण गळणारं काहीतरी गाडीत होतंच. फक्त ते सायलेन्सरमध्ये नव्हतं, आणि ते मला वर्षभराने खंबाटकी घाटात कळलं.

गाडी म्हणजे २००२ची होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सेकंडहँड घेतली. १०६ बीएचपी आज काही फार वाटत नाहीत, पण एवढ्या हलक्या गाडीत ते पुरून उरतात. आता पुरून उरत असताना अजून कशाला हवेत, हा प्रश्न पंचविशीत पडत नाही. ज्यांना हेडर म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो, तो गोळा करून मागे सायलेन्सरकडे न्यायला कंपनी एक बिडाचं जाडजूड मॅनिफोल्ड देते. ते आखूड आणि जड असतं, ढेकळासारखं दिसतं. त्याच्या जागी पातळ नळ्यांचं, प्रत्येक सिलिंडरला मोकळी लांब वाट देणारं जे झाड बसवतात ते हेडर. चार नळ्यांच्या दोन होतात, दोनाची एक. वायू मोकळा बाहेर पडला की इंजिनाला श्वास टाकायला कमी कष्ट पडतात आणि थोडी ताकद वाढते. ज्याने बनवून दिला तो म्हणाला, "आठ घोडे नक्की." घोडे मोजायची सोय ना त्याच्याकडे होती ना माझ्याकडे. आवाज मात्र असा काही बदलला की मी दोन दिवस विनाकारण बावधनच्या बोगद्यासारखे कोपरे शोधत फिरत होतो. सोबत हवेचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर पण लावला. हेडर आला की कोन फिल्टर येतोच, लग्नात मावळण येते तसा.

आणि जुनं मॅनिफोल्ड, त्यावरच्या पत्र्याच्या कव्हरसकट, भंगारवाल्याला किलोवर घातलं. हे वाक्य लिहिताना मला अजूनही लाज वाटते.

पहिला उन्हाळा लागला तसे त्रास सुरू झाले. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत वीस मिनिटं काढली की एसी कोमट. सिग्नल सुटल्यावर गाडी अर्धा क्षण अडखळायची, मग निघायची. पेट्रोल भरायला बंद केली तर पुन्हा चालू व्हायला कुरकुर. एकदा बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या पंख्याभोवतीची प्लास्टिकची चौकट हेडरच्या बाजूला मऊ पडून जरा ओघळलेली, मेणबत्तीच्या काठासारखी. तिथून गेलेल्या एका वायरवरची नळी बोटाने दाबली तर तिचा भुगा झाला.

मेस्त्री म्हणाला, "हेडर आहे ना, तापणारच." हे उत्तर चूक नव्हतं, पण 'सर्व्हर आहे ना, पडणारच' या जातीचं होतं. आमच्या धंद्यात लॉग बघितल्याशिवाय बगला हात लावायचा नाही असा शिरस्ता आहे. मी तो पाळतो असं नाही, पण या वेळी पाळला. एक ईएसपी३२ बोर्ड, हेडरसाठी के-टाइप थर्मोकपल आणि त्याची मॅक्स६६७५ चिप, बाकी जागांसाठी तीन डीएस१८बी२० सेन्सर. हे डीएस१८बी२० बिचारे १२५ अंशांपर्यंतच मोजतात, म्हणून ते हेडरपासून लांब. एक फिल्टरच्या तोंडाशी, एक पंख्याच्या चौकटीवर, एक बंपरच्या मागे सावलीत, बाहेरची हवा मोजायला. थर्मोकपल होज क्लिपने थेट नळीवर आवळला. दर सेकंदाला एक ओळ, एसडी कार्डवर.

पहिल्याच आठवड्याच्या आकड्यांनी माझी झोप उडवली. बाहेर ३६ अंश असताना रांगेत फिल्टर जी हवा ओढत होता ती ६८ अंशांची. हायवेवर ऐंशीच्या वेगाने तीच ४७. तापलेली हवा विरळ असते, आणि इंजिनाला ताकद हवेतल्या ऑक्सिजनमधून मिळते. हिशेब सोपा आहे, दोन्ही तापमानं केल्विनमध्ये घ्यायची आणि भागायचं: ३०९ भागिले ३४१, म्हणजे जवळपास साडेनऊ टक्के हवा कमी. १०६ घोड्यांचे साडेनऊ टक्के म्हणजे दहा. आठ मिळवायला गेलो आणि दहा घालवून बसलो. रांगेत कोणी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबत नाही, त्यामुळे हा हिशेब थोडा अन्यायाचा आहे हे मान्य. पण रांगेतून सुटल्यावरचं ते अडखळणं इथूनच येत असणार. आत येणारी हवा फार गरम दिसली की इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो, नॉकिंग होऊ नये म्हणून. गाडी अडखळत नव्हती, जपून वागत होती.

दुसरी गोष्ट आलेखात दिसेपर्यंत माझ्या डोक्यातही आली नव्हती. इंजिन बंद केल्यावर पंख्याची चौकट थंड होत नाही, तापते. चालू असताना ९२ अंश, बंद केल्यावर आठव्या मिनिटाला ११८. चालत्या गाडीत वारा असतो, पाणी फिरत असतं. किल्ली फिरवली की दोन्ही थांबतं, पण हेडरमधला आणि इंजिनाच्या धातूतला साठा तसाच असतो, आणि तो मिळेल त्या वाटेने बाहेर पडतो. म्हणजे ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी लिफ्टमध्ये शिरत असताना माझ्या गाडीत दिवसातली सगळ्यात वाईट दहा मिनिटं चाललेली असायची. आधीच्या मालकाने हॉर्नच्या रिलेला घरातल्या फिटिंगची वायर वापरली होती. साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन ७० अंशांच्या हिशेबाने केलेलं असतं.

आता हे सगळं हेडरनेच का व्हावं? वायू तोच, इंजिन तेच. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा धुराड्यातून जातो, हे मॅनिफोल्ड असतानाही खरं होतंच. फरक वाटेचा आहे. बिडाचं मॅनिफोल्ड आखूड, त्यामुळे बॉनेटखाली त्याचं अंग कमी, आणि त्यावर पत्र्याचं कव्हर. हेडरच्या चार लांब नळ्या म्हणजे अंगच अंग, आणि वर काही नाही. या इंजिनात एक्झॉस्ट समोर, रेडिएटरकडे असतो. पंखा रेडिएटरमधून आधीच गरम झालेली हवा ओढतो, ती हेडरवरून जाते, आणि मागे माझा कोन फिल्टर तोंड उघडून बसलेला.

यात वाऱ्याने जाणारी उष्णता एक आणि नुसत्या किरणोत्साराने जाणारी दुसरी. दुसरी जास्त वाईट, कारण ती केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. हे स्टीफन-बोल्ट्झमनचं सूत्र बारावीला पाठ केलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा माझ्या आयुष्याशी काडीचा संबंध आला नव्हता. घाट चढल्यावर हेडर ४५० अंशांवर जायचा. आदर्श काळी वस्तू धरली तर चौरस मीटरला साडेपंधरा किलोवॅट. तोच पृष्ठभाग २२५वर आणला तर उत्सर्जन निम्मं होत नाही, साडेचार पटींनी कमी होतं. आणि समोर नुसता एक पातळ पत्रा, मध्ये हवेची फट ठेवून उभा केला, तरी पलीकडे पोचणारा किरणोत्सार आदर्श हिशेबात निम्म्यावर येतो. दोन पत्रे लावले तर एक तृतीयांश. पत्रा चकचकीत असेल तर त्याहून कितीतरी कमी. मॅकलरेन एफ१ या गाडीच्या इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख लावला होता तो दिखाव्यासाठी नव्हता, सोनं इन्फ्रारेड परतवतं म्हणून. मी किलोवर विकलेलं ते गंजकं कव्हर त्याच जातीचं काम करत होतं.

हे सूत्र समोर असूनही मी पत्र्याच्या वाटेला गेलो नाही. कारण पत्रा लावला तर हेडर झाकला जातो, आणि हेडर दिसला नाही तर बॉनेट उघडून दाखवायचं काय? म्हणून काचतंतूंची पट्टी मागवली. पाच सेंटिमीटर रुंद, पंधरा मीटर लांब. आदल्या रात्री बादलीत भिजवायची, ओली असतानाच नळीभोवती ओढून गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर पाव इंच चढवायचा, टोकाला स्टीलच्या पट्ट्या. हातमोजे घालूनसुद्धा मनगटं तीन दिवस खाजत होती. पहिल्या दिवशी गाडीने लग्नातल्या चुलाण्यासारखा धूर काढला. ते अपेक्षित असतं.

आकडे मात्र झकास आले. पंख्याची चौकट ९२वरून ७८. फिल्टरची हवा ६८वरून ५९. आलेखाचा स्क्रीनशॉट मी तीन ग्रुपवर टाकला. पट्टीखालच्या धातूचं काय होतंय याचा सेन्सर मी लावला नव्हता, आणि कुणी विचारलंही नाही.

पुढच्या मे महिन्यात आण्णा पुण्याला डोळ्यांच्या तपासणीसाठी आले होते. त्यांना सोडायला साताऱ्याला निघालो. शनिवार. शिरवळपर्यंत ठीक, पुढे खंबाटकीच्या पायथ्यापासून रांग. पुण्याहून जाताना तेव्हा बोगदा नव्हता, घाट चढावाच लागायचा. दोन ट्रक शेजारी शेजारी, मागे आम्ही, पहिला गिअर, एसी चालू.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. हा घाट त्यांनी किती हजार वेळा चढला असेल ते त्यांनाही सांगता येणार नाही. जुन्या लाल गाड्यांमध्ये इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, केबिनच्या आतच असायचं, त्यावर रेक्झिन मढवलेलं फुगीर झाकण. क्लच डाव्या पायाने दाबायचा, म्हणजे डावी पोटरी दिवसभर त्या झाकणाला लागून. आण्णांच्या डाव्या पोटरीवर केस नाहीत आणि कातडी उजवीपेक्षा काळपट आहे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांचे पाय दोन रंगांचे असतात. उन्हाळ्यात ते झाकणाच्या फटीत गोणपाट कोंबायचे. रात्री घरी आल्यावर आई तो पाय परातीत पाण्यात ठेवायला लावायची.

अर्ध्या घाटात त्यांनी नाक ओढलं. "ऑइल जळतंय."

मी म्हणालो, ट्रकचं असेल.

"ट्रकचं डिझेल. हे आपलं हाय. गाडी कडंला घे."

कडेला घ्यायला जागा नव्हती. पुढच्या वळणावर थोडी मिळाली, तोवर बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर यायला लागला होता. इंजिन बंद केलं, उतरलो. ग्रिलमधून खाली पाहिलं तर पट्टीवर, वीतभर जागेत, पिवळी जाळ. फार मोठी नाही, देवापुढच्या पाच वातींएवढी. मी बॉनेट वर करायला हात घातला आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आण्णांनी माझं मनगट धरलं. त्या वयाच्या माणसाच्या पकडीत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"उघडू नगस. वारं लागंल. पाणी तर अजिबात नको, ऑइल हाय त्ये."

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर तोवर लाल सिलिंडर घेऊन उतरला होता. मराठी त्याला येत नव्हतं, पण त्याची गरजही पडली नाही. आण्णांनी मला आतून फक्त कडी सोडायला सांगितली. बॉनेट दोन बोटं उचकलं, त्या फटीतून त्यांनी पावडर मारली, मग खाली वाकून ग्रिलमधून. अर्ध्या मिनिटाचा खेळ. मी उभा होतो. माझ्या हातात बाटली तशीच होती आणि तिचं झाकण मी कधी काढलं ते मला आठवत नाही.

झालं होतं ते असं. इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर, त्याचं रबरी पॅकिंग वीस वर्षांत कडक झालेलं. त्यातून ऑइलचा थेंब थेंब पाझर, आणि एक्झॉस्ट समोर असल्यामुळे तो थेंब थेट हेडरवर. नुसत्या धातूवर पडला असता तर चरचरून धूर झाला असता, वास आला असता, मी महिन्याभरात पॅकिंग बदललं असतं. पट्टीने तो पिऊन घेतला. वातीसारखा, महिनोन् महिने. तेलाने भिजलेलं इन्सुलेशन आतल्या आत तापत जातं आणि एरवी ज्या तापमानाला तेल पेटत नाही त्याच्याही खाली ते पेटू शकतं. कारखान्यांत आणि जहाजांत हे जुनं दुखणं आहे, त्याला इंग्रजीत लॅगिंग फायर असं नावसुद्धा आहे. जहाजांच्या सोलास नियमांत तर स्पष्ट आहे: २२० अंशांच्या वरचा कुठलाही पृष्ठभाग, ज्यावर इंधन उडू शकतं, तो झाकलेला हवा; आणि जिथे तेल मुरू शकतं तिथे झाकणाचं बाहेरचं अंग तेल न पिणारं हवं. म्हणजे वर पत्रा. मी हे सगळं नंतर वाचलं. माझ्या लॉगमध्ये चार सेन्सर होते आणि दर सेकंदाला एक ओळ होती, आणि त्या लाखो ओळींमध्ये एकही ओळ तेलाबद्दल नव्हती. ते नाकाने शोधलं.

टो करणारी गाडी यायला दोन तास लागले. आम्ही कठड्यावर बसलो. मी रागावणं ऐकायच्या तयारीत होतो. ते रागावले नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सायलेन्सर गळत नव्हता, व्हय ना?"

"नव्हता."

"मग कशापायी?"

मी आवाज, आठ घोडे, सगळं सांगितलं. मॅकलरेनच्या सोन्याच्या वर्खाचंही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. "आमच्याला रेक्झिन हुतं," म्हणाले. मग पोटरी खाजवत, "लोकं इंजिन आपल्यापासनं लांब जावं म्हणून मरत्यात. तू जवळ वढून आनलंस."

गॅरेजमध्ये पट्टी सोडवली तेव्हा आतलं खरं रूप दिसलं. हेडर साध्या लोखंडाचा, वर काळा रंग. पट्टीने एका पावसाळ्याचं पाणी धरून ठेवलं होतं, आणि आतला धातू उघडा असताना तापला असता त्याहून जास्त तापत राहिला होता. पापुद्रे निघत होते. दोन नळ्या जिथे एकत्र येतात त्या वेल्डिंगला केसाएवढी चीर. बनवून देणाऱ्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, पट्टी गुंडाळली तर आमची जबाबदारी नाही. हे त्याने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मुद्दा खरा होता. चांगल्या हेडरला पट्टीऐवजी आतून-बाहेरून सिरॅमिकचा थर देतात; तो तेल पीत नाही, पाणी धरत नाही. त्याचं कोटेशन मागवलं, आणि एक रात्र ते उघडून बसलो होतो हे कबूल करतो.

मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. तिथल्या गाळ्यांमध्ये अख्ख्या गाड्या सुट्या होऊन टांगलेल्या असतात. चौथ्या दुकानात सिटीचं बिडाचं मॅनिफोल्ड मिळालं, कव्हरसकट, तीनपैकी दोन बोल्टच्या भोकांसह. दुकानदाराने मी विकलं त्याच्या अकरा पट भाव सांगितला. मी घासाघीस केली नाही. पॅकिंग नवं, रिलेची वायर बदलली, हवेचा मूळ डबा परत, फेंडरमधून थंड हवा ओढणारा. तिसऱ्या बोल्टच्या जागी मेस्त्रीने कव्हरला एक पट्टी वेल्ड करून दिली. आणि पायाशी एक किलोचं फायर एक्स्टिंग्विशर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणेही आता गाडी सरळ झाली, पण कायद्याच्या भीतीने मी ते केलं असं म्हणालो तर पुन्हा थापच होईल.

आवाज गेला. ते मला अजून खुपतं, विशेषतः रात्री मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये.

दिवाळीला साताऱ्याला गेलो. घाटात रांग होतीच, उन्हाळ्याएवढी नाही. अंगणात गाडी लावली, सेन्सर तसेच ठेवले होते, मोबाईलवर आकडे बघत बॉनेट उघडलं. आण्णा आले, आणि मॅनिफोल्डच्या कव्हरसमोर तळहात धरला. टेकवला नाही, चार बोटांवर धरून ठेवला आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागले. एसटीत असताना झाकण उघडायचं की थांबायचं ते असं ठरवायचे म्हणे.

"पन्नास आसंल," म्हणाले.

पंख्याची चौकट ७१ दाखवत होती, आणि बंद केल्यामुळे आकडा अजून चढत होता. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, पुन्हा एकदा हात धरून बघितला.

"तुझं यंत्र तपासून घे," म्हणाले, आणि चहाला आत गेले.